लिफ्टमनला काय हवंय

४ फेब्रुवारी

प्रिय शिट्टी,

आठवीत आपण दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसायचो आणि शुक्रवारच्या शेवटच्या तासाला सिस्टर सारांशलेखन घ्यायच्या, ते तुला आठवतं का? पानभर उतारा द्यायच्या आणि त्याचा एक तृतीयांश करायला सांगायच्या. तू एका ओळीत उरकून वहीच्या कडेला मांजरं काढत बसायचीस. माझा सारांश मूळ उताऱ्यापेक्षा लांब व्हायचा. एकदा सिस्टरनी माझी वही वर धरून सगळ्या वर्गाला सांगितलं, या मुलीला पेला भरायला सांगा, ती विहीर घेऊन येईल. तेव्हा तू जी हसलीस, त्या हसण्यावरून तुझं नाव शिट्टी पडलं. माझं भिंगरी त्याआधीच पडलेलं होतं. बाहेर माळी गवत कापत होता. त्या ओल्या गवताचा वास अजून माझ्या नाकात आहे.

आज पुन्हा तोच तास आहे असं समज. फक्त आता नापास होऊन चालणार नाही.

तुझ्या दादाच्या पटकथेबद्दल लिहिते आहे. हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पटकथांना रफू करत आले. कुणाचा शेवट जमत नाही, कुणाची नायिका अर्ध्यातच गायब होते, की ह्यांना बोलावणं यायचं. पडद्यावर नाव कधी आलं नाही. स्वतःची म्हणावी अशी एकच पटकथा, लिफ्टमनची. एक जुनी इमारत, तिचा लिफ्टमन, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटी राहणारी आणि कित्येक वर्षांत खाली न उतरलेली गाण्याची बाई, आणि लिफ्ट कायमची बंद होणार अशी नोटीस. पटकथा टाइप मीच केली होती. तिची एक प्रत तुझ्याकडेही आहे.

आता तुझ्या जुन्या चित्रपट कंपनीनं जाहीर केलंय की मार्चअखेरपर्यंत बाहेरच्या लेखकांच्या कथा घेणार. पटकथा पाठवायची नाही, फक्त एक वाक्य पाठवायचं. वाक्य पटलं तर पुढचं मागवतील. त्याला लॉगलाइन म्हणतात हे मला ठाऊक आहे, ह्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय. पण ह्यांनी आपल्या गोष्टीचं वाक्य कधी लिहून ठेवलं नाही. ते डोक्यात होतं, आणि ऑक्टोबरातल्या त्या अर्धांगाच्या झटक्यापासून डोक्यातलं बाहेर येत नाही. समजतं सगळं. वाचतातही. शब्द तेवढे येत नाहीत. उजवा हात गेलेला आहे आणि डाव्यानं अक्षरं जुळत नाहीत. हो म्हणायचं असलं की डावा तळवा समोरच्या कागदावर ठेवतात. नाही म्हणायचं असलं की तोंड खिडकीकडे फिरवतात. आमचा सगळा संसार सध्या या दोन खुणांवर चाललाय.

फोन करत नाही, कारण ह्यांची खुर्ची फोनशेजारीच असते. ह्यांच्यासमोर ह्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलणं मला जमत नाही.

मी लिहिलेलं वाक्य पाठवते. 'एके काळी वैभवात असलेल्या आणि आता रंग उडालेल्या इमारतीत आयुष्यभर इमानेइतबारे लिफ्ट चालवणारा एक साधा, प्रेमळ लिफ्टमन आणि वरच्या मजल्यावर आपल्या आठवणींच्या सोबतीनं राहणारी निवृत्त गायनशिक्षिका यांच्या नात्याची, माणुसकीची आणि काळाच्या ओघात हरवत चाललेल्या मूल्यांची हृदयस्पर्शी कहाणी.'

ह्यांना वाचून दाखवलं. मी 'मूल्यांची'पर्यंत पोचेतो ह्यांचं तोंड खिडकीकडे गेलेलं होतं.

तू वीस वर्षं हीच वाक्यं वाचलीस. काय चुकतंय ते सांग. हे वाक्य ह्यांच्या डोळ्यांदेखत कंपनीकडे जायला हवं, एवढंच माझं मागणं आहे.

तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

तुझं वाक्य वाचताना मध्ये पाणी प्यायला उठावं लागलं. सिस्टर बरोबरच बोलल्या होत्या.

ऑफिसात रोज सकाळी माझ्या टेबलावर असल्या वाक्यांचा गठ्ठा येऊन पडायचा. चहाचा एक घोट गिळून होतो तेवढा वेळ मी एका वाक्याला द्यायची. 'हृदयस्पर्शी' दिसलं की कागद खाली. हृदयाला स्पर्श झाला की नाही ते मी ठरवणार, तुम्ही कोण सांगणारे? तेव्हा तुझी माणुसकी, नातं आणि मूल्यं आधी मोडीत काढ. नावं नकोत. नुसतं 'लिफ्टमन' म्हटलं की मला माणूस दिसतो, त्याची टोपी दिसते, स्टूल दिसतं. मग मला एवढंच कळू दे: त्याला काय हवंय? त्याच्या आड काय येतंय? नाही मिळालं तर त्याचं काय जाईल? आणि तिथे थांब. शेवट सांगायचा नाही. वाचणाऱ्याला पुढे काय झालं असं विचारावंसं वाटलं पाहिजे, नाहीतर त्यानं पटकथा का मागवावी?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात अवघड. बहुतेकांना आपल्या नायकाला काय हवंय हेच माहीत नसतं. कुठे राहतो, काय खातो, कुणावर प्रेम करतो, सगळं तोंडपाठ. काय हवंय म्हटलं की गप्प.

आता दुसरं. जानेवारीत मी इथल्या वाचा-उपचार केंद्राचं माहितीपत्रक पाठवलं होतं, ते मिळालं ना? त्यांनी दादासाठी जागा एप्रिलपर्यंत धरून ठेवली आहे. पेशंट तिथेच राहतात, सकाळ-संध्याकाळ बोलण्याचा सराव घेतात. घरच्या माणसानं सोबत राहायचं नाही, महिन्यातून एकदा येऊन भेटायचं. त्यांचं म्हणणं असं की घरची माणसं पेशंटच्या आधी बोलून टाकतात. माझ्या ओळखीचे एक वकील तिथून चार वाक्यं बोलत बाहेर पडले. तू तुझ्या पत्रात याबद्दल चकार शब्द काढलेला नाहीस.

मीच येऊन घेऊन गेले असते, पण माझं खुब्याचं हाड अजून आपल्या मर्जीनं चाललंय. खोलीतून स्वयंपाकघरात वॉकर घेऊन जाते आणि पोचल्यावर कशाला आले ते विसरते. भाऊ तिकडे मुका, बहीण इकडे लंगडी. आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, आता तरी घरात शांतता राहील.

नवं वाक्य पाठव. लहान.

शिट्टी


२२ फेब्रुवारी

प्रिय शिट्टी,

तुझे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ह्यांच्यासमोर टेकवून ठेवले आहेत. हे ते वाचतात आणि माझ्याकडे बघतात. परीक्षेत पेपर समोर आहे आणि पेन नाही, तसं त्यांचं झालंय. माझ्याकडे पेन आहे तर उत्तर नाही.

दुसरं वाक्य असं केलं. 'लिफ्ट कायमची बंद होण्याआधी एका लिफ्टमनला वरच्या मजल्यावरच्या, वर्षानुवर्षं खाली न उतरलेल्या बाईला एकदा तरी रस्त्यावर आणायचं आहे, पण ती उंबरठा ओलांडायला तयार नाही.' मला वाटलं, आता तरी जमलं. यात मूल्यं नाहीत, माणुसकी नाही, सगळं तू सांगितलंस तसं. वाचून दाखवलं तर ह्यांनी तोंड फिरवलं. मग बाईला नायिका करून पाहिलं, तिला आपल्या घरातून हलायचं नाही आणि इमारत तिला हलवू बघते, असं. पुन्हा खिडकी. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आणि एक पाइप आहे. तो पाइप आता माझा वैरी झालाय.

बोलणं शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते. तरुण आहे, पण मास्तरीणबाईच. परवा तिनं ह्यांना कंगवा दाखवला आणि विचारलं, हे काय आहे. ह्यांचे ओठ हलले, गळ्यातून काहीतरी वर आलं, कपाळावर शीर तटतटली, आणि मला बघवेना. मी 'कंगवा' म्हणून टाकलं. तोंडातून निघूनच गेलं गं. ती बाई मला म्हणाली की तुम्हाला येतंय, अभिनंदन, आता तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसा.

तशी मी काही कमी करत नाही. सकाळी अंघोळ घालते, दाढी करते, घास भरवते, दुधाचा पेला तोंडाला लावते. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवते, ह्यांना वाचता येत असलं तरी. दिवसभरात ह्यांना कशासाठी खुर्चीतून उठावं लागत नाही.

केंद्राचं म्हणशील तर ह्यांचं मन नाही. परक्या खोलीत, परक्या माणसांत ह्यांना कसं जमेल? कुणाला कळणार ह्यांना काय हवंय ते?

महिना सरत चाललाय. तू एवढी वाक्यं वाचलीस, एक तरी लिहून पाठव ना. मी वाचून दाखवेन.

भिंगरी


५ मार्च

प्रिय भिंगरी,

वाक्य लिहून पाठवणार नाही. दादाची गोष्ट मी सांगितली तर ती माझी होईल, आणि मला गोष्टी लिहिता येत नाहीत म्हणून तर मी दुसऱ्यांच्या वाचत बसले.

तुझं दुसरं वाक्य नियमानं बघितलं तर चांगलं आहे. माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते बऱ्याच्या गठ्ठ्यात टाकलं असतं. पण दादा नाही म्हणतोय, म्हणजे त्यात कुठेतरी खोट आहे. म्हणून काल पटकथेची प्रत काढली आणि पहिल्यापासून वाचली. आधी वाचली होती ती बहिणीच्या प्रेमानं. या वेळी वाचली ती पगारी माणसासारखी, सगळ्यांवर संशय घेत.

मधला तो प्रसंग काढ. बाई लिफ्टमनला विचारते, आज खाली जाऊन आले तर? तो म्हणतो, आज नको, फूटपाथ खोदून ठेवलाय. पुढे काही पानांनी ती पुन्हा विचारते. तो पुन्हा फूटपाथच सांगतो. आता त्याच्या आधीचा आणि नंतरचा रस्त्यावरचा प्रसंग बघ. पोरं त्या फूटपाथवर चाकाच्या पाट्यांवरून घसरतायत. फूटपाथ कुठेही खोदलेला नाही. शिवाय ज्या दिवशी ती चपला घालून दाराशी येऊन उभी राहते, त्याच दिवशी लिफ्टचा फ्यूज उडतो. आणि फ्यूज कुणाच्या खिशात असतो ते तूच टाइप केलेलं आहेस.

मग मला सांग, हा गृहस्थ तिला खाली आणतोय की वर ठेवतोय?

मी छातीठोकपणे सांगत नाही. दादाला विचार. पण वाक्य पुरं करून त्याच्यापुढे धरू नकोस. तुकडे कर. एकेका चिठ्ठीवर एकेक तुकडा लिही, पटणारा आणि न पटणारा, दोन्ही. त्याच्यापुढे पसर आणि तोंड मिटून बस. त्याचा डावा हात चालतो ना? मग त्याला निवडू दे. लागू दे लागेल तेवढा वेळ.

आता रागावशील, पण विचारते. 'ह्यांचं मन नाही' असं तू लिहिलं आहेस. दादाला विचारलं होतंस का? की कंगव्यासारखंच?

शिट्टी


२४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र नाही. रागावली असशील तर रागाचं पत्र पाठव, मी तेही जपून ठेवेन. मी इथून उठून येऊ शकत नाही, दादाशी बोलू शकत नाही, तुझं तोंड बघू शकत नाही. पोस्टमनची वाट बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, आणि तो आमच्या गल्लीत सायकलवरून खाली न उतरताच निघून जातो.

कंपनीची मुदत एकतीस तारखेपर्यंत आहे हे लक्षात असू दे. केंद्रानंही विचारलंय. मी त्यांना थोडं थांबा म्हटलं.

शिट्टी


६ एप्रिल

प्रिय शिट्टी,

रागावले होते. कंगव्यावरून मला इतका राग आला की तुझं पत्र मी कात्रीच्या खणात घालून खण ओढून बंद केला. त्या खणात तुझं माहितीपत्रकही होतं, जानेवारीपासून. ह्यांना ते मी दाखवलंच नव्हतं. आता काय ते समज.

मग तुझं दुसरं पत्र आलं, चार ओळींचं. तू चार ओळी लिहितेस तेव्हा तुला रडू येत असतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. मी खण उघडला, आणि हाताला पहिली कात्रीच लागली, म्हणून चिठ्ठ्या कापायला बसले.

'लिफ्टमन'. 'वरच्या मजल्यावरची बाई'. 'लिफ्ट बंद होणार'. 'ती खाली यावी'. 'ती खाली येऊ नये' ही चिठ्ठी केवळ तू म्हणालीस म्हणून लिहिली आणि सगळ्यांत लांब ठेवली, टेबलाच्या कडेला. पसरून झाल्यावर माझेच हात मला आवरेनात. हे एखाद्या चिठ्ठीकडे नुसते बघायचे आणि मी ती पुढे सरकवायची. शेवटी हात मांडीखाली घालून बसले, आपण वर्गात शिक्षा झाल्यावर बसायचो तशी.

किती हळू चाललं म्हणून सांगू! पहिल्या दिवशी ह्यांनी 'लिफ्टमन' ही एकच चिठ्ठी जवळ ओढली आणि थकून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या उलटसुलट केल्या आणि दोन खाली पाडल्या. त्या उचलायला मी वाकले, तर हुंकार देऊन मला थांबवलं आणि स्वतः वाकायला गेले. जमलं नाही. पण मला उचलूही दिल्या नाहीत. त्या चिठ्ठ्या दिवसभर जमिनीवर पडून होत्या आणि मी त्यांच्या बाजूनं केर काढला.

एकतीस तारखेला दुपारी वाक्य अर्धंच होतं. माझं दुसरं वाक्य पाकिटात घालून तयार होतं. ते नेऊन दिलं असतं तर मुदतीत पोचलं असतं, आणि तू म्हणालीसच की ते बऱ्याच्या गठ्ठ्यात जाण्यासारखं आहे. मी चपला घातल्या. हे माझ्याकडे बघत होते. पाकीट ह्यांच्यासमोर धरलं. ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी तशीच उभी राहिले. मला काय करावं ते कळेना. ह्यांच्या आयुष्यातली एकुलती एक संधी माझ्या हातात होती आणि ती ह्यांना नको होती. मग चपला काढल्या. बघता बघता कंपनीचं दार बंद झालं आणि आम्ही दोघं चिठ्ठ्या घेऊन टेबलाशी बसलेले.

दोन तारखेला सकाळी ह्यांनी डावा हात लांब केला आणि टेबलाच्या कडेची चिठ्ठी ओढली. 'ती खाली येऊ नये.' ती 'लिफ्टमन'च्या शेजारी लावली आणि तिच्यावर तळवा ठेवला. तो उचललाच नाही.

मग पुढचं लवकर झालं. मी एकेक चिठ्ठी लिहायची आणि ह्यांनी घ्यायची किंवा ढकलायची. वाक्य झालं ते असं:

'एका जुन्या इमारतीचा लिफ्टमन वरच्या मजल्यावरच्या एकट्या बाईला हवं ते सगळं वर नेऊन देतो, कारण ती खाली उतरू लागली तर त्याला वर जायला कारण उरणार नाही; पण लिफ्ट कायमची बंद करायचं ठरतं, आणि जिला इतकी वर्षं त्यानं वर ठेवलं तिला खाली आणण्याची पाळी त्याच्यावरच येते.'

मी ते मोठ्यानं वाचलं. ह्यांच्या दुधाची वेळ झाली होती, म्हणून दुसऱ्या हातात पेला होताच, ह्यांच्या तोंडाशी नेलेला. ह्यांनी कागदावर तळवा ठेवला. मग तो उचलला आणि माझ्या हातातून पेला काढून घेतला. शिट्टी, डावा हात ऑक्टोबरनंतरही धडधाकटच आहे. हे आपल्या हातानं दूध प्यायले, थोडं शर्टावर सांडलं, आणि पेला टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ही गोष्ट ह्यांनी लिहिली तेव्हा आम्ही तरुण होतो. मला शाळेत शिकवायला जायचं होतं, आणि हे कधी बसचा संप म्हणायचे, कधी माझं डोकं दुखेल म्हणायचे, आणि मला हवी ती पुस्तकं घरी आणून द्यायचे. तेव्हाचा लिफ्टमन कोण होता, हे मी ह्यांना विचारणार नाही. आता विचारलं तर बिचाऱ्यांना उत्तर द्यायला अख्खा दिवस लागेल.

दुपारी मी खणातून माहितीपत्रक काढून ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी ते सावकाश वाचलं, फोटोसुद्धा बघितले. मग मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, 'जायचं' आणि 'राहायचं'. दोन्ही सारख्याच अक्षरात, सारख्याच अंतरावर ठेवल्या. हात मांडीखाली घातले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

ह्यांनी 'जायचं' निवडलं.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, कुणी न सांगता.

भिंगरी


१२ एप्रिल

माझ्या भिंगरी,

वाक्य मी घरातल्या माझ्या जुन्या खुर्चीत बसून वाचलं. चहा तसाच राहिला. वीस वर्षांत फार थोड्यांनी माझा चहा गार केला होता.

कंपनीत फोन केला होता. माझ्या जागी जी आली आहे तिला सगळं सांगितलं, आजाराचंही सांगितलं, जे मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. ती चांगली मुलगी आहे. तिनं ऐकलं आणि मग म्हणाली, मावशी, मुदत संपली, माझ्या हातात काही नाही. पुढच्या खेपेचं विचारलं तर म्हणाली, पुढची खेप होईल की नाही तेच ठाऊक नाही. मीही हेच वाक्य कितीजणांना ऐकवलं असेल. पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं ऐकलं.

केंद्राची जागा पक्की केली. माझा मुलगा गाडी घेऊन एकवीस तारखेला तुमच्याकडे येईल. मी त्यांना विचारून बघितलं, वहिनी माझ्याकडे राहिली तर चालेल का. ते म्हणाले, राहू दे, पण भेट महिन्यातून एकदाच. तू ये. माझ्या घरात एक पलंग रिकामा आहे आणि मला भांडायला कुणी नाही.

दादाला काय हवंय ते कळलं. आता तुला काय हवंय?

शिट्टी


२० एप्रिल

प्रिय शिट्टी,

भाचेबुवा हे पत्र तुला हातात देतील. मी येत नाही. तुझ्याकडे राहिले तर रोज केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहीन, आणि आतून कुणी कंगवा दाखवला तर बाहेरून ओरडेन. मला काय हवंय म्हणून विचारलंस. मी चिठ्ठ्या केल्या होत्या. अजून एकीवरही माझा तळवा टेकलेला नाही. टेकला की कळवेन. तोवर या घरात एकटीनं राहायचं कसं ते बघते, मला ते कधी करावंच लागलेलं नाही.

काल ह्यांची दाढी ह्यांनीच केली. गालावर दोन जागी कापलंय, ते बघून घाबरू नकोस. मी आरसा धरून उभी होते आणि खालचा ओठ दाताखाली धरला होता.

आता सामानाचं सांगते, नीट वाच.

निळी बॅग ह्यांची. त्यात शर्ट आहेत ते पुढून बटणांचेच आहेत. बटणं लावून देणारं कुणी धावून आलं तर त्याला थांबव. तपकिरी स्वेटर केंद्राच्या मावशींकडे दे, संध्याकाळी लागतो. पण हे मागतील तेव्हाच त्यांनी द्यावा.

औषधांचा डबा आणि डॉक्टरांचे कागद केंद्राच्या ऑफिसात.

कापडी पिशवीत पटकथेची माझी प्रत आहे. ती तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना दे. ह्यांना त्यातली पानं ओळखीची आहेत, त्यांवरून सराव घेतला तर बरं. फूटपाथचं पान दुमडून ठेवलंय.

चिठ्ठ्या लहान पाकिटात आहेत, वाक्याच्या क्रमानं लावलेल्या. पाकीट ह्यांच्या खिशातच राहू दे. 'जायचं' आणि 'राहायचं' त्यात नाहीत, त्या माझ्याकडे आहेत.

वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून या पत्राला जोडलंय. ते तुला. कंपनीनं पुन्हा कधी दार उघडलं तर ह्यांना विचारून पाठव. नाही उघडलं तर तुझ्या बऱ्याच्या गठ्ठ्यात, सगळ्यांत वर ठेव.

बरणीतला लिंबाचा मुरंबा तुला. भाचेबुवांनी वाटेत बरणी उघडली नाही ना ते बघ, ते तुझ्यावर गेले आहेत.

आणि शेवटचं. हे बोलू लागतील तेव्हा जे पहिलं पुरं वाक्य येईल ते कुणासाठीही असेल, तुझ्यासाठी, त्या बाईंसाठी, दूध आणून देणाऱ्या माणसासाठी. ज्याच्यासाठी असेल त्याच्याकडेच राहू दे. माझ्यासाठी असावं असं धरून चालून ते माझ्याकडे पाठवू नकोस. मी थांबायला शिकते आहे.

तुझी भिंगरी